मागच्या सीटवरचे पट्टे

"आणि मागे काय आहे?" मी विचारलं.

शोरूममधला तरुण इतका वेळ पुढच्या दोन एअरबॅगांबद्दल अगदी मन लावून बोलत होता. एक ड्रायव्हरसाठी, एक शेजारच्यासाठी. जोरात ब्रेक दाबला तरी चाकं घसरत नाहीत, कंट्रोल राहतो, हेही सांगून झालं होतं. माझा प्रश्न ऐकून त्याने मागच्या सीटकडे असं पाहिलं, की ती गाडीत आहे हे त्याला आत्ताच कळलं असावं.

"मागे एसीचं वेगळं तोंड आहे मॅडम. आणि पाण्याची बाटली ठेवायला जागा."

"अपघात झाला तर बाटली काय कामाची? मागच्या पट्ट्यांबद्दल विचारतेय. आणि लहान मुलांची खुर्ची अडकवायला कड्या असतात, त्या आहेत का?"

बॉनेटवरून हात फिरवत उभे असलेले आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, गर्रकन वळले.

"शैला! गाडी अजून दारात यायची हाय आणि तू अपघाताच्या गोष्टी काढतीस?"

तो तरुण हसला. माझ्याकडे नव्हे, आप्पांकडे बघून. "कड्या आहेत मॅडम, पण आपल्याकडे कुणी विचारत नाही. पोरं आईच्या मांडीवरच बसतात."

जयसिंगने, माझ्या नवऱ्याने, माझ्या कोपराला हळूच हात लावला. "जाऊ दे ना," तो म्हणाला. हे त्याचं ठरलेलं वाक्य. घरात भांडण असो, दुकानात उधारी थकलेली असो की बायकोच्या डोक्यात तिडीक गेलेली असो, जयसिंगचं औषध एकच, जाऊ दे ना.

मी तेव्हा कराडच्या एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करायची. दवाखाना हायवेला लागून. गाड्यांमधून आलेली माणसं रोज माझ्या टेबलावर असायची. कुणी आलं की मी विचारायची, कुठे बसला होता? मागे बसलेली बहुतेक बायकामुलं असायची, आणि त्यांच्यातलं पट्टा लावलेलं माणूस मला कधी भेटलं नव्हतं. हे घरी सांगायला गेलं की आप्पा पानावरून उठायचे. जेवताना असलं बोलू नये म्हणे. मग कधी बोलावं? गाडी घेताना बोलू नये, गाडीत बसताना बोलू नये, प्रवासाला निघताना तर तोंडातून काढूच नये. आमच्याकडे अपघात हा शब्द उच्चारला की तो जिना चढून वर येतो.

आप्पा माणूस वाईट नव्हते, हेही सांगायला हवं. त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान होतं. उमेदीची वर्षं त्यांनी मोटरसायकलवर खताची पोती वाहण्यात घालवली होती. चारचाकी ही त्यांच्या आयुष्यातली पहिलीच. तिचा रंग त्यांनी पसंत केला, चकचकीत चाकं त्यांनी पसंत केली, नंबर कुठला हवा हेही त्यांनीच. माझ्या नणंदेच्या लग्नात त्यांनी इतका उत्साह दाखवला नव्हता.

शोरूममधून गाडी थेट गेली सीट कव्हरवाल्याकडे. कंपनीचं कापड उघडं ठेवणं आप्पांना पाहुण्यांना बिनचादरीच्या गादीवर बसवल्यासारखं वाटत होतं. त्यांनी मरून रंगाची मखमल निवडली, वर सोनेरी शिलाई. कव्हरवाला मागची सीट मापता मापता म्हणाला, "मागचे पट्टे आत दाबून वरनं शिवून टाकू का? बसताना खटके टोचतात. सगळे तसंच करून घेतात."

"शिवा," आप्पा म्हणाले.

"नको," मी म्हणाले. "ते बाहेर राहू द्या."

कव्हरवाल्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. गाडी कुणाची हे त्याला कळलेलं होतं.

"मागं कोण लावतंय पट्टा?" आप्पा म्हणाले. "पोलीस पुढच्यालाच धरत्यात. आणि मागं बसणाऱ्याला काय होतंय? पुढं सीट हाय की आडवी."

"आप्पा, त्या सीटवरच तर माणूस आपटतं."

"शुभ काम चाललंय. पुरे आता."

माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, बाजूच्या स्टुलावर बसून चहा पीत होत्या. मी आशेने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी बशी खाली ठेवली, पदराने ओठ टिपले आणि म्हणाल्या, "मखमल छान हाय, पण उन्हाळ्यात तापंल." बस, एवढंच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाईमाणसाने तरी माझ्या बाजूने बोलावं की नाही!

दोन्ही खिडक्यांकडचे पट्टे आणि मधला कमरेचा, सगळे मखमलीखाली गेले. सीट अगदी गुळगुळीत दिसायला लागली. आप्पांनी तिच्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "आता कशी घरच्यासारखी वाटती."

नवी गाडी कुलदैवताला न्यायची असते, तेव्हा पुढच्याच रविवारी पालीच्या खंडोबाला निघालो. चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, हार चढला. मग बसायची वेळ आली. कोण कुठे बसणार हे आमच्याकडे विचारायचं नसतं. जयसिंग चालवणार, आप्पा शेजारी. आत्या आप्पांच्या मागे, मी जयसिंगच्या मागे, आणि आमची ईश्वरी, तेव्हा बालवाडीत जाणारी, आमच्या दोघींच्या मध्ये. पुढे बसलेल्या दोघांनी खटाखट पट्टे लावले, कारण लावले नाहीत तर गाडी टुंग टुंग करत बसते. मागच्यांसाठी ती कसलाही आवाज करत नव्हती.

मी सीटच्या फटीत बोटं घालून चाचपायला लागले. आप्पांनी आरशातून पाहिलं.

"काय हुडकतीस?"

"पट्टा."

"जयसिंग चालवतोय की. नवऱ्यावर भरवसा न्हाई व्हय?"

म्हणजे पहा, पट्टा लावला तर तो नवऱ्याचा पाणउतारा. पुढे बसून स्वतः लावला, तेव्हा मात्र तो मुलाचा पाणउतारा नव्हता. मी जयसिंगच्या मानेकडे पाहिलं. "लावू दे की तिला," एवढं तरी तो म्हणेल असं वाटलं. त्याने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.

दर्शन छान झालं. बॉनेटवर भंडारा उधळला, गाडी पिवळीधमक झाली, आप्पांच्या मिशाही पिवळ्या झाल्या. परतताना सगळे खुशीत होते. ईशू पुढच्या दोन सीटांच्या फटीत उभी राहून आजोबांना गाणं म्हणून दाखवत होती. मी तिला दोनदा ओढून मांडीवर घेतलं, ती दोनदा निसटली.

"उभी राहू दे गं," आप्पा म्हणाले. "तिला रस्ता दिसतोय."

आत्यांनी आपला उजवा हात तिच्या छातीपुढून आडवा धरला. एसटीत उभ्या पोराला धरतात ना, तसा.

उसाचा हंगाम होता. उंब्रजच्या अलीकडे शेतातल्या वाटेवरून एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत सरळ हायवेवर आला. ना हात दाखवला, ना थांबला. जयसिंगने ब्रेकवर पाय रोवला.

पुढची दोघं पट्ट्यात अडकून जागच्या जागी राहिली. आम्ही राहिलो नाही. माझं तोंड जयसिंगच्या सीटवर आदळलं. ओठ फुटल्याचं मला नंतर कळलं, कारण त्याआधी मी एक आवाज ऐकला, वाळकी काटकी मोडल्यासारखा, आणि मला वाटलं ईशूचं काहीतरी मोडलं. तो आवाज मी कामावर कधीच ऐकला नव्हता. माझ्याकडे माणसं मोडून झाल्यावर येत.

ईशू आजीच्या हातावर अडकून लोंबकळत होती आणि भोकाड पसरून रडत होती. रडत होती म्हणजे धड होती. आत्यांचा हात तिच्या आणि आप्पांच्या सीटच्या कडेच्या मध्ये सापडला होता. मनगटाच्या वर तो भलत्याच दिशेला वळला होता.

आप्पा दार उघडून उतरले. धावतच पुढे गेले. खाली वाकले, बंपर पाहिला, दिवे पाहिले, मग दोन्ही हात जोडून आभाळाकडे पाहिलं.

"ओरखडा न्हाई!" ते ओरडले. "देवाची कृपा! वीतभर अंतर ठेवून थांबली बघ."

मी तोंडातलं रक्त थुंकले आणि म्हणाले, "आप्पा, मागे या."

आत्यांचा एक्स-रे मीच काढला. माझा ओठ शिवून झाला होता आणि दुसरं कुणी ड्यूटीवर नव्हतं. हातातल्या काचेच्या बांगड्या निम्म्या कातडीत रुतल्या होत्या. मी त्या एकेक करून काढत होते.

"सगळ्या फुटल्या हो आत्या."

"वाढवल्या म्हण," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "फुटल्या म्हणू नये."

मला रडू आलं आणि रागही आला. वाईटाचं नाव घ्यायचं नाही ही शिकवण या बाईच्या हाडापर्यंत मुरली होती, आणि आता ते हाडच मोडलं होतं. दारापलीकडून आप्पांचा फोनवरचा आवाज येत होता. "न्हाई न्हाई, गाडीला काही न्हाई. ब्रेक लई जबरदस्त. हां, मंडळींच्या हाताला जरा लागलंय."

जरा! पडद्यावर हाताची दोन्ही हाडं तुटून एकमेकांवर चढलेली दिसत होती. मनगटाचा सांधा तर विचारूच नका. पट्ट्या आणि स्क्रू घालून ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी त्याच वेळी सांगितलं, मनगट पूर्वीसारखं वळणार नाही. जयसिंग माझ्या शेजारी उभा होता. त्याने तोंड उघडलं आणि मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं "जाऊ दे ना" घशातच राहिलं.

आत्यांच्या हातची ज्वारीची भाकरी आमच्या गल्लीत प्रसिद्ध होती. सकाळी ती थापण्याचा आवाज आला की शेजारचे जगदाळे म्हणायचे, उठा आता, दिवस सुरू झाला. त्यानंतर तो आवाज आमच्या घरातून कधी आला नाही. मला भाकरी येते, पण ती पोटापुरती.

पुढे पंधरवडाभर माणसं भेटायला येत होती. आलेला प्रत्येक माणूस आधी अंगणात गाडीभोवती एक चक्कर मारायचा, वाकून बंपर बघायचा, आप्पा त्याला ट्रॉली कुठे होती आणि गाडी कुठे थांबली हे दोन्ही हातांनी दाखवायचे. सगळे माना डोलवायचे. गाडीच्या ब्रेकचं कौतुक व्हायचं, जयसिंगच्या हाताचं कौतुक व्हायचं, खंडोबाचं तर व्हायचंच. "पोरगी वाचली, देवच पाठीशी," असं म्हणून मग सगळे आत चहाला यायचे आणि जाता जाता आत्यांना विचारायचे, "कसं आहे आता?"

पोरगी आत्यांच्या हाताने वाचली होती. हे एवढं साधं वाक्य त्या अंगणात कुणाच्याही तोंडून निघालं नाही. मी एकदा काढलं, तर आप्पा म्हणाले, "ते हायच की. पण त्या हाताला बुद्धी कुणी दिली?"

आणि एक दिवस तर कहर झाला. जगदाळ्यांनी विचारलं, "पण वहिनींना एवढं कसं काय लागलं हो?"

"धरून बसली न्हवती," आप्पा म्हणाले. "मी कवापासनं सांगतोय, गाडीत बसलं की धरून बसावं. बायकांचं ध्यान असतंय कुठं!"

मी आतल्या खोलीत आत्यांना पेज भरवत होते. दार सताड उघडं होतं. आत्यांनी तोंडातला घास गिळला आणि दुसऱ्या चमच्याला नको म्हणून मान हलवली. मी उठायला लागले. बाहेर जाऊन जगदाळ्यांसमोर जे काही बोलायचं ते बोलून टाकणार होते, मग घराचं काय व्हायचं ते होवो. आत्यांनी डाव्या हाताने माझा पदर धरला.

"बस खाली."

"तुम्ही हे ऐकून घेता तरी कसं?"

"पेज गार हुतीय," त्या म्हणाल्या. त्या दिवशी मला त्यांचाही राग आला. मुकाट्याने सोसणाऱ्या बाईचा येतो, तसला.

हात गळ्यातल्या झोळीत असतानाच सातारला आप्पांच्या पुतण्याचा साखरपुडा होता. जायलाच हवं होतं. मी मागचे पट्टे मखमलीखालून बाहेर काढून घ्या म्हणून पुन्हा म्हटलं. आप्पा म्हणाले, महिन्याभराच्या मखमलीला ब्लेड कोण लावतंय? मग मी सांगितलं, ईशू येणार नाही आणि मीही येणार नाही. घरात दोन दिवस अबोला चालला. शेवटी आत्या मला म्हणाल्या, "तू चल. पोरीलाबी घे. माझं ऐक."

निघायच्या दिवशी सकाळी आप्पा फेटा बांधत आत होते. जयसिंगने गाडी बाहेर काढली. आत्या जरीच्या साडीत हळूहळू पायऱ्या उतरल्या, गाडीला वळसा घातला, डाव्या हाताने पुढचं दार उघडलं आणि आप्पांच्या जागेवर बसल्या.

"शैला, मला एका हातानं जमायचं न्हाई. पट्टा लाव."

मी वाकून त्यांचा पट्टा लावला. मोडलेल्या हाताला दाब येणार नाही असा तो झोळीखालून घेतला. जयसिंग स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिला.

आप्पा बाहेर आले. फेटा, जाकीट, खिशाला पेन. गाडीपाशी थांबले.

"हे काय?"

"बसलीय," आत्या म्हणाल्या.

"ते दिसतंय. मी कुठं बसू?"

"मागं."

"मी? मागं?"

"लई जागा हाय. आणि मागं बसणाऱ्याला काय होतंय?"

कुंपणापलीकडे जगदाळे दात घासत उभे होते. त्यांचा ब्रश थांबला. आप्पांनी जगदाळ्यांकडे पाहिलं, जयसिंगकडे पाहिलं. जयसिंगने काच वर केली. आप्पा मागे बसले. फेटा छताला लागत होता म्हणून तो काढून मांडीवर घ्यावा लागला. मध्ये ईशू, पलीकडे मी.

गाडी हायवेला लागली. मग आप्पांनी पुढची सीट धरली. मग दोन्ही हातांनी धरली. समोर एक ट्रक आला तर त्यांचा उजवा पाय खाली काहीतरी दाबू लागला.

"हळू रे."

"साठावर आहे आप्पा," जयसिंग म्हणाला.

"तरी हळू."

वळणावर ते मखमलीवरून घसरून ईशूच्या अंगावर आले. फेटा खाली पडला. पुढे उसाची ट्रॉली दिसली. ती आपल्या बाजूने गुमान चालली होती. पण आप्पांचा चेहरा पांढरा पडला. ते सीटच्या फटीत बोटं खुपसायला लागले. मी पाहत होते. एक शब्द बोलायचा नाही असं ठरवून पाहत होते.

"हितं पट्टा हुता की."

"आहे," मी म्हणाले. "कव्हरखाली."

"मग काढ की!"

"शिवलाय."

"कुणी शिवायला सांगितला?"

ईशू आमच्या सगळ्यांची तोंडं बघत होती.

"घे. बाजूला घे गाडी," आप्पा म्हणाले.

जयसिंगने गाडी कडेला घेतली. आप्पांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातली एक टोकदार किल्ली सोनेरी शिलाईत घुसवली आणि ओढली. मखमल टरटरून फाटली. त्यांनी आत हात घालून खटका वर काढला, खांद्यामागचा पट्टा ओढून सोडवला, छातीवरून घेतला आणि खट्ट करून लावला. मग फेटा उचलून झटकला.

"हां," ते म्हणाले. "चला आता."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. इतक्या दिवसांच्या माझ्या विनवण्या, आत्यांचा हात, ईशूचं ते लोंबकळणं, यातलं काहीही त्या मखमलीला भोक पाडू शकलं नव्हतं. स्वतः पंधरा-वीस किलोमीटर मागे बसावं लागलं आणि किल्ली बाहेर आली. तीही एकाच पट्ट्यापुरती. शेजारी नात बसली होती, तिच्याकडे त्यांचं लक्षसुद्धा गेलं नव्हतं. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. तोंड उघडलं असतं तर काय बोलले असते कुणास ठाऊक.

जयसिंगने गाडी सुरू केली.

"जयसिंग," आत्या म्हणाल्या, "गाडी हलवायची न्हाई."

त्याने इंजिन बंद केलं. आत्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मान वळवायला पट्ट्यामुळे अडचण होत असेल, किंवा त्यांना बघायचंच नसेल.

"अहो," त्या आप्पांना म्हणाल्या, आवाज न चढवता, "तो सोडा. आधी पोरीचा काढा. मग शैलाचा. सगळ्यात शेवटी तुमचा."

"उशीर हुतोय. सातारला गेल्यावर..."

"मग मी हितंच बसून राहते. हात मोडलाय माझा, मला कसली घाई?"

बाजूने गाड्या सूं सूं करत जात होत्या. प्रत्येक गाडी गेली की आमची गाडी थोडी हलायची. आप्पा बराच वेळ तसेच बसून राहिले, जाकीट, पेन आणि छातीवर पट्टा. मग त्यांनी खटका दाबला, आपला पट्टा सोडला, आणि नातीपुढे वाकून मधली शिलाई उसवायला घेतली.